आरएफएक्स५

आरएफएक्स५ हे मानवी पेशींच्या केंद्रकात आढळणारे, डीएनएच्या विशिष्ट क्रमाला बांधले जाणारे एक प्रथिन आहे. ते तयार करणारे त्याच नावाचे जनुक गुणसूत्र क्रमांक १ च्या लांब भुजेवर असते. आरएफएक्सएपी आणि आरएफएक्सएएनके या दोन प्रथिनांसह ते 'आरएफएक्स संकुल' तयार करते. एचएलए वर्ग-२ या गटातील जनुकांचे प्रतिलेखन सुरू होण्यासाठी हे संकुल अत्यावश्यक असते.

या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये घातक उत्परिवर्तन झाल्यास पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग-२ रेणू दिसेनासे होतात आणि बालकाला तीव्र स्वरूपाची आनुवंशिक रोगप्रतिकार-न्यूनता जडते. या आजाराला एचएलए वर्ग-२ न्यूनता किंवा बेअर लिम्फोसाइट सिंड्रोम प्रकार-२ असे म्हणतात. एचएलए जनुके स्वतः पूर्णपणे निर्दोष असूनही ती चालू करणारी यंत्रणा बिघडल्यामुळे हा आजार होतो. जनुकांच्या नियमनातील दोषामुळे होणाऱ्या मानवी आजारांचे ते एक ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी: एचएलए वर्ग-२ रेणूंचे कार्य

शरीरात शिरलेला जिवाणू किंवा विषाणू ओळखण्यासाठी साहाय्यक टी-पेशींना त्या जंतूच्या प्रथिनाचा तुकडा 'दाखवावा' लागतो. टी-पेशी मोकळ्या प्रथिनाला ओळखू शकत नाहीत. महाभक्षक पेशी, डेंड्रायटिक पेशी आणि बी-पेशी जंतूंची प्रथिने आत घेतात, त्यांचे लहान तुकडे करतात आणि ते तुकडे एचएलए वर्ग-२ रेणूंच्या खोबणीत बसवून पृष्ठभागावर मांडतात. या रेणूंचे एचएलए-डीआर, एचएलए-डीक्यू आणि एचएलए-डीपी असे तीन मुख्य प्रकार आहेत. ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी४ हे प्रथिन असते अशा टी-पेशी हे तुकडे ओळखतात आणि पुढील प्रतिसादाला चालना देतात. बी-पेशींना प्रभावी प्रतिपिंडे तयार करण्यासाठी बहुतेक वेळा याच पेशींचे साहाय्य लागते.

एचएलए वर्ग-२ रेणूंचे दुसरे कार्य थायमस ग्रंथीत चालते. तेथे घडणाऱ्या तरुण टी-पेशींपैकी ज्यांना वर्ग-२ रेणूंशी सौम्यपणे जुळवून घेता येते, त्याच सीडी४ टी-पेशी म्हणून पुढे टिकतात. म्हणजे या रेणूंच्या अभावी सीडी४ पेशींना नंतर काम मिळत नाही, इतकेच नव्हे तर त्या पुरेशा संख्येने घडतही नाहीत.

एचएलए वर्ग-१ रेणू शरीरातील जवळजवळ सर्व केंद्रकयुक्त पेशींवर असतात. वर्ग-२ रेणू मात्र मोजक्याच प्रकारच्या पेशींवर कायम आढळतात. इतर अनेक पेशी गॅमा इंटरफेरॉनचा संदेश मिळाल्यावरच ते तयार करतात. हे काटेकोर नियंत्रण कसे साधले जाते, या प्रश्नाच्या उत्तरात आरएफएक्स५ चे स्थान मध्यवर्ती आहे.

नाव

'आरएफएक्स' ही 'रेग्युलेटरी फॅक्टर एक्स' या नावाची आद्याक्षरे आहेत. एचएलए वर्ग-२ जनुकांच्या नियंत्रक भागातील 'एक्स पेटी' नावाच्या डीएनए-क्रमाला हे प्रथिन बांधले जाते, त्यावरून ते नाव पडले. मानवामध्ये या कुटुंबातील अनेक प्रथिने असून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आरएफएक्स५ हे त्यांपैकी पाचवे होय. सर्वांमध्ये डीएनएला बांधला जाणारा भाग समान धाटणीचा असला तरी त्यांची कामे वेगवेगळी आहेत आणि एकाची उणीव दुसरे भरून काढत नाही.

आरएफएक्सएपी आणि आरएफएक्सएएनके यांची नावे आरएफएक्स५ च्या नावाशी जुळणारी असली तरी रचनेच्या दृष्टीने ती या कुटुंबात मोडत नाहीत. पहिल्याच्या नावातील 'एपी' म्हणजे 'सहयोगी प्रथिन', तर दुसऱ्याच्या नावातील 'एएनके' हा त्यातील अँकिरिन पुनरावृत्तींचा निर्देश आहे.

रचना

आरएफएक्स५ प्रथिनात ६१६ अमिनो आम्ले असतात. त्याच्या पूर्वार्धात डीएनएला बांधला जाणारा भाग असतो. या भागाची घडण 'पंखयुक्त सर्पिल' प्रकारची असते. सर्पिलाकार तुकड्यांच्या बाजूला प्रथिनाची साखळी पंखासारखी वळलेली असल्याने तिला हे नाव मिळाले आहे. याच कुटुंबातील आरएफएक्स१ या प्रथिनाची स्फटिक-रचना २००० साली प्रसिद्ध झाली. या घडणीच्या इतर अनेक प्रथिनांमध्ये डीएनएच्या मोठ्या खाचेत सर्पिल शिरते. आरएफएक्स१ मध्ये मात्र हे काम पंख करतो, असे त्या रचनेतून दिसून आले. प्रथिनाच्या उरलेल्या भागात प्रोलीन या अमिनो आम्लाचे प्रमाण अधिक असलेला पट्टा आहे.

एकटे आरएफएक्स५ एक्स पेटीला घट्ट धरू शकत नाही. आरएफएक्सएपी आणि आरएफएक्सएएनके सोबत आल्यावरच स्थिर बंध तयार होतो. त्यामुळे तिघांपैकी कोणतेही एक प्रथिन नसले तरी संपूर्ण संकुल निकामी ठरते. तीन वेगवेगळ्या जनुकांतील दोषांमुळे एकाच लक्षणांचा आजार का होतो, याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

कार्य

एचएलए वर्ग-२ जनुकांच्या अगदी पुढे, प्रतिलेखन जेथून सुरू होते त्या जागेजवळ, डीएनएचे काही छोटे ठरावीक क्रम ओळीने असतात. त्यांना एस, एक्स, एक्स२ आणि वाय पेट्या म्हणतात. त्यांचा क्रम आणि परस्परांतील अंतर या सर्व जनुकांमध्ये जवळपास सारखे असते. आरएफएक्स संकुल एक्स पेटीवर बसते, एक्स२ पेटीवर सीआरईबी आणि वाय पेटीवर एनएफ-वाय ही प्रथिने बसतात. ही प्रथिने एकमेकांना आधार देतात. त्यामुळे सर्व मिळून डीएनएवर एक स्थिर व्यासपीठ तयार होते.

हे व्यासपीठ तयार झाले तरी जनुक लगेच चालू होत नाही. त्यासाठी सीआयआयटीए हे आणखी एक प्रथिन लागते. सीआयआयटीए स्वतः डीएनएला बांधले जात नाही. ते या व्यासपीठावर येऊन बसते आणि प्रतिलेखन करणारी यंत्रणा तेथे खेचून आणते. आरएफएक्स५ आणि त्याचे सोबती बहुतेक सर्व पेशींमध्ये असतात, पण सीआयआयटीए केवळ निवडक पेशींमध्ये किंवा गॅमा इंटरफेरॉनच्या संदेशानंतरच तयार होते. त्यामुळे वर्ग-२ रेणू कोणत्या पेशीवर आणि किती प्रमाणात असतील, हे मुख्यतः सीआयआयटीए ठरवते. पण त्याला उभे राहण्यासाठी लागणारी जागा आरएफएक्स संकुल पुरवते.

एचएलए वर्ग-१ जनुकांच्या नियंत्रक भागातही अशाच पेट्या आहेत. तेथे याच व्यासपीठावर एनएलआरसी५ हे सीआयआयटीएचे सजातीय प्रथिन येऊन बसते. आरएफएक्स संकुलाच्या अभावी अनेक रुग्णांमध्ये वर्ग-१ रेणूंचे प्रमाणही काहीसे घटलेले आढळते. मात्र ते वर्ग-२ प्रमाणे नाहीसे होत नाहीत.

शोधाचा इतिहास

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी युरोपातील डॉक्टरांना काही आजारी बालकांच्या लसिका पेशींवर एचएलए रेणू सापडत नसल्याचे आढळले. नेहमीच्या रेणूंविना 'उघड्या' दिसणाऱ्या या पेशींवरून आजाराला बेअर लिम्फोसाइट सिंड्रोम असे नाव पडले. पुढे वर्ग-१ रेणूंचा अभाव आणि वर्ग-२ रेणूंचा अभाव हे दोन वेगळे आजार असल्याचे स्पष्ट झाले.

वर्ग-२ रेणू नसतील तर त्यांच्या जनुकांतच बिघाड असावा, असा पहिला तर्क होता. ही जनुके गुणसूत्र क्रमांक ६ वर असतात. परंतु आजारी कुटुंबांचा अभ्यास केल्यावर आजाराचा वारसा आणि गुणसूत्र ६ वरील एचएलए जनुकांचा वारसा एकत्र चालत नसल्याचे दिसले. क्लेअर द प्रेवाल, बर्नार माख, क्लोद ग्रिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोष एचएलए जनुकांपासून दूर असलेल्या एखाद्या नियंत्रक जनुकात आहे, असे त्यातून सूचित झाले.

१९८८ साली वॉल्टर राइट, माख आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पेशींमध्ये एक्स पेटीला बांधले जाणारे एक प्रथिन-कार्य नसल्याचे दाखवले आणि त्याला आरएफ-एक्स हे नाव दिले. १९९१ साली दुसऱ्या एका गटाने जिवंत पेशींतील डीएनए तपासला, तेव्हा रुग्णांच्या पेशींमध्ये या जनुकांचे नियंत्रक भाग प्रथिनांविना मोकळे पडलेले आढळले. आरएफएक्स संकुल नसले की शेजारच्या पेट्यांवरील प्रथिनेही जागेवर टिकत नाहीत, हे त्यातून उघड झाले.

याच काळात वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत एकमेकींत विलीन करून पाहण्यात आल्या. दोन पेशींमधील दोष भिन्न जनुकांत असेल तर प्रत्येक पेशी दुसरीची उणीव भरून काढते आणि वर्ग-२ रेणू पुन्हा दिसू लागतात. दोष एकाच जनुकात असेल तर काहीच बदल होत नाही. या साध्या कसोटीवरून रुग्णांचे ए, बी, सी आणि डी असे चार गट पडले. म्हणजेच शोधायची जनुके किमान चार होती.

एक्स पेटीला बांधले जाण्याच्या गुणधर्मावरून सुरुवातीला जे जनुक वेगळे करण्यात आले ते आरएफएक्स१ निघाले. ते रुग्णांमध्ये निर्दोष होते. खऱ्या जनुकापर्यंत पोहोचण्यासाठी जिनिव्हा येथील माख यांच्या गटाने वेगळी वाट धरली. निरोगी पेशींतील जनुकांच्या प्रतींचा मोठा संग्रह वर्ग-२ रेणू नसलेल्या सदोष पेशींमध्ये सोडायचा आणि ज्या मोजक्या पेशींवर वर्ग-२ रेणू परत आले त्यांतून कारणीभूत जनुक शोधायचे, अशी ही पद्धत होती. तिच्या साहाय्याने १९९३ साली सीआयआयटीए आणि १९९५ साली आरएफएक्स५ सापडले. १९९७ मध्ये आरएफएक्सएपी आणि १९९८ मध्ये आरएफएक्सएएनके यांची ओळख पटल्यावर चारही गटांचा उलगडा पूर्ण झाला:

- गट ए: सीआयआयटीए, गुणसूत्र १६
- गट बी: आरएफएक्सएएनके, गुणसूत्र १९
- गट सी: आरएफएक्स५, गुणसूत्र १
- गट डी: आरएफएक्सएपी, गुणसूत्र १३

आजाराचे स्वरूप

आजाराची लक्षणे बहुधा आयुष्याच्या पहिल्या वर्षातच दिसू लागतात. वारंवार होणारा न्यूमोनिया, दीर्घकाळ न थांबणारे जुलाब, तोंडात व घशात कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग आणि वजन न वाढणे ही त्यांतील प्रमुख होत. संसर्ग जिवाणू, विषाणू, बुरशी आणि आदिजीव अशा सर्व प्रकारच्या जंतूंमुळे होतात. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया विशेष धोकादायक असतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा आदिजीव आतड्यांतून पित्तनलिकांपर्यंत पोहोचल्यास त्या कठीण व अरुंद होतात आणि यकृताची हानी होते. काही रुग्णांमध्ये शरीराच्या स्वतःच्या रक्तपेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडेही आढळतात. उपचारांअभावी बहुतेक बालके बालपणीच दगावतात.

प्रयोगशाळेतील चित्र प्रथमदर्शनी फसवे असते. रक्तातील लसिका पेशींची एकूण संख्या अनेकदा सामान्य भरते. बी-पेशी संख्येने पुरेशा असतात, पण रक्तातील प्रतिपिंडे कमी असतात आणि लस दिल्यानंतर विशिष्ट प्रतिपिंडे तयार होत नाहीत. टी-पेशींपैकी सीडी४ पेशी घटलेल्या, तर सीडी८ पेशी सामान्य किंवा वाढलेल्या असतात. रसायनांनी चेतवल्यास टी-पेशींचे विभाजन होते, परंतु पूर्वी सामना झालेल्या जंतूच्या प्रतिजनाला त्या प्रतिसाद देत नाहीत. पेशी उपस्थित असतात, पण त्यांना शत्रू दाखवणारे कोणी नसते.

सर्व उत्परिवर्तनांचा परिणाम सारखा नसतो. आरएफएक्स५ मधील बहुतेक ज्ञात उत्परिवर्तनांमुळे प्रथिन अपुरे तयार होते आणि पूर्ण स्वरूपाचा आजार होतो. २००२ साली मात्र सौम्य व असामान्य आजार असलेल्या जुळ्या भावांमध्ये या प्रथिनातील १४९ व्या जागी आर्जिनीनऐवजी ग्लुटामीन हे अमिनो आम्ल आल्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही जागा डीएनएला बांधल्या जाणाऱ्या भागातच आहे. बदललेले संकुल काही वर्ग-२ जनुकांवर बसू शकत होते, तर काहींवर नाही. त्यामुळे त्यांच्या पेशींमध्ये वर्ग-२ जनुकांपैकी काही चालू आणि काही बंद अशी स्थिती होती.

आरएफएक्स५ जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्येही प्रतिकारशक्तीची अशीच न्यूनता आढळते. तथापि त्यांच्या परिपक्व डेंड्रायटिक पेशींवर वर्ग-२ रेणू थोड्या प्रमाणात शिल्लक राहतात.

आनुवंशिकता

हा आजार अलिंगी गुणसूत्रांवरील अप्रभावी पद्धतीने वारसाने येतो. आई व वडील दोघेही एकेका सदोष प्रतीचे वाहक असतात, पण दुसरी प्रत निर्दोष असल्याने ते स्वतः निरोगी राहतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, तर वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा व मुलगी यांना धोका सारखाच असतो.

जवळच्या नात्यातील विवाहांमध्ये अशा दुर्मीळ आजारांचा धोका वाढतो. सख्ख्या भावंडांच्या मुलांमध्ये, उदाहरणार्थ आतेभाऊ व मामेबहीण यांच्यात विवाह झाल्यास, त्यांच्या अपत्याला कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता १६ पैकी १ असते. नोंदलेले बरेचसे रुग्ण नात्यातील विवाहांची प्रथा असलेल्या उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतील कुटुंबांमधील आहेत. उत्तर आफ्रिकेत आरएफएक्सएएनके जनुकातील २६ बेस जोड्या गळालेले एक उत्परिवर्तन अनेक कुटुंबांत आढळते आणि ते एका समान पूर्वजाकडून पसरले असल्याचे मानले जाते. आरएफएक्स५ मधील दोष त्या तुलनेने कमी आढळतात.

निदान

निदानाची मुख्य चाचणी फ्लो सायटोमेट्री ही आहे. निरोगी व्यक्तीच्या बी-पेशी आणि मोनोसाइट पेशींवर एचएलए-डीआर रेणू भरपूर असतात. रुग्णांमध्ये ते नसतात किंवा अत्यल्प असतात. थोड्या रक्ताच्या नमुन्यावर ही तपासणी करता येते. मात्र तिची मागणी मुद्दाम करावी लागते. लसिका पेशींची केवळ संख्या मोजून आजार लक्षात येत नाही. सीडी४ पेशी कमी आढळल्यास एचआयव्ही संसर्ग आधी तपासला जातो. तो नसल्याचे निश्चित झाल्यावरही संसर्ग सुरूच राहिले तर या आजाराचा विचार करणे आवश्यक ठरते.

अनेक देशांमध्ये नवजात बालकांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर टीआरईसी चाचणी केली जाते. टी-पेशी घडताना तयार होणारी डीएनएची लहान वर्तुळे ती मोजते. तीव्र संयुक्त रोगप्रतिकार-न्यूनतेची बहुतेक बालके तिने सापडतात. एचएलए वर्ग-२ न्यूनतेत मात्र सीडी८ पेशी थायमसमध्ये घडतच असतात. त्यामुळे चाचणीचा निष्कर्ष सामान्य येऊ शकतो आणि आजार नजरेतून सुटू शकतो.

नेमके कोणते जनुक सदोष आहे हे जनुकक्रम वाचून ठरवले जाते. कुटुंबातील उत्परिवर्तन ज्ञात असल्यास पुढील गरोदरपणात प्रसूतिपूर्व निदान करणे शक्य होते.

उपचार

संसर्ग रोखण्यासाठी नियमित प्रतिजैविके, न्यूमोसिस्टिसविरुद्ध प्रतिबंधक औषध, शिरेतून किंवा त्वचेखाली इम्युनोग्लोब्युलिन आणि पोषणाची काळजी हे आधारभूत उपचार आहेत. बीसीजी व तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ लस यांसारख्या जिवंत लसी या बालकांना देणे टाळतात. भारतात या दोन्ही लसी जन्मल्यानंतर लगेच दिल्या जातात. म्हणून ज्या कुटुंबात आधीचे मूल अशा आजाराने दगावले आहे, तेथे पुढील बालकाची तपासणी लसीकरणापूर्वी होणे महत्त्वाचे असते. रक्त द्यावे लागल्यास ते किरणोत्सर्गाने संस्कारित केलेले असावे लागते.

आजार बरा करण्याचा प्रस्थापित मार्ग म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण. एचएलए जुळणाऱ्या भावंडाकडून आणि लहान वयात, गंभीर संसर्ग होण्यापूर्वी केलेल्या प्रत्यारोपणाचे निष्कर्ष अधिक चांगले असतात. इतर अनेक रोगप्रतिकार-न्यूनतांच्या तुलनेत या आजारातील प्रत्यारोपण दीर्घकाळ कठीण मानले गेले. आधीपासून असलेले विषाणूजन्य संसर्ग, प्रत्यारोपण नाकारले जाणे आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करणे ही त्याची कारणे होत. अलीकडील काळात हे निष्कर्ष सुधारले आहेत.

यशस्वी प्रत्यारोपणानंतरही अनेक रुग्णांमध्ये सीडी४ पेशींची संख्या कमी राहते. नव्या रक्तपेशी दात्याच्या असल्या तरी थायमस ग्रंथीचे अस्तर रुग्णाचेच असते आणि त्यावर वर्ग-२ रेणू नसतात. त्यामुळे सीडी४ पेशींची निवड अपुरी होते. असे असले तरी संसर्गांपासून पुरेसे संरक्षण मिळू शकते. सदोष जनुकाची निर्दोष प्रत रुग्णाच्या मूलपेशींमध्ये घालण्याच्या जनुकोपचारावर संशोधन चालू आहे.

भारतातील स्थिती

भारतात प्राथमिक रोगप्रतिकार-न्यूनतांचे निदान करणाऱ्या केंद्रांमध्ये मुंबईतील परळ येथे के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेचा समावेश होतो. २०१८ साली भारतातील एचएलए वर्ग-२ न्यूनतेच्या पाच रुग्णांची लक्षणे, रोगप्रतिकारविषयक तपासण्या आणि जनुकीय दोष यांची माहिती एका शोधनिबंधात प्रसिद्ध झाली. वारंवार न्यूमोनिया आणि जुलाब ही भारतीय बालकांमध्ये इतर कारणांनीही सर्रास आढळणारी लक्षणे आहेत. त्यामुळे एचएलए-डीआर तपासणी न झाल्यास हा आजार कुपोषण किंवा साधा संसर्ग समजला जाण्याचा धोका असतो.

महत्त्व

आरएफएक्स५ च्या अभ्यासाने वैद्यकशास्त्रासोबत मूलभूत जीवशास्त्रालाही मोठी मदत केली. एखादे जनुक निर्दोष असणे पुरेसे नसून ते योग्य पेशीत, योग्य वेळी वाचले जाणेही तितकेच आवश्यक असते, हे या आजाराने मानवी रुग्णांच्या आधारे दाखवून दिले. एचएलए वर्ग-२ जनुकांचे नियमन हे आज मानवी जनुकांच्या नियमनाच्या सर्वाधिक तपशीलवार उलगडलेल्या उदाहरणांपैकी एक आहे आणि त्यातील बहुतेक घटक या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांच्या पेशींमधूनच सापडले.